खाटेचा पाय

कापशा ससा शनिवारी मेला. पण तो मेलाच नाही असं धरून पुढं जाऊ, कारण घोडेगावात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले संपतरावही तसंच धरून चालले होते.

२००३च्या दिवाळीत घरी आणलेल्या या सशावर त्यांचा लई जीव. चावायचा त्रास नको म्हणून त्याला रोज दुधात कुस्करलेली भाकरी. खाटेचा पाय कुरतडायला गेला की, "हाड! सागाचाय त्यो!"

शुक्रवारी कापशानं भाकरीला तोंड लावलं नाही. जनावरांच्या डॉक्टरनं जबडा उघडून दाखवला. वाढलेले दात वळून टाळूत रुतले होते.

"सशाचे दात जन्मभर वाढतात, भाऊ. कुरतडलं तरच झिजतात. याला कधी काही कुरतडू दिलं नाही?"

"शिस्त लावली व्हती," संपतराव म्हणाले.

सोमवारी त्यांनी कोरा कागद घेतला. खाट बायकोच्या, कुशाबाईंच्या, माहेरची, म्हणून अर्ज त्यांनाच उद्देशून केला: 'कापशा यास सदर खाटेचे चारही पाय कुरतडण्याची परवानगी दिवाळी २००३ पासून, पूर्वलक्षी प्रभावाने, देण्यात यावी, ही नम्र विनंती.'