आठ रात्रींचा रिपोर्ट

“रात्रीतून चौदा वेळा जाग, आणि झोप जेमतेम तीन तास,” डॉ. यतीन कागद उलटत म्हणाले. “आठही रात्री हेच. अच्युतना आता गोदामात ठेवता येणार नाही, शैलजाताई.”

शैलजाच्या अंगाचा तिळपापड झाला. सांवेर रोडवरच्या या फॅक्टरीत तिचा धाकटा भाऊ नऊ वर्षं बेअरिंगचा स्टॉक सांभाळत होता. नऊ वर्षांत एक डबा इकडचा तिकडे नाही! मागच्या महिन्यात त्याच्या टेबलावर गोळ्यांची चिठ्ठी सापडली, कुणीतरी मोबाइलवर शोधून स्किझोफ्रेनिया हा शब्द काढला, आणि झालं. कालपर्यंत ‘अच्युतभिया’ करणारे आज त्याच्या शेजारी जेवायला बसेनात. वा रे माणसं!

डॉ. यतीन नागपूरहून या फॅक्टरीच्या दवाखान्यात नुकतेच आलेले. त्यांनी झोप मोजणारं घड्याळ दिलं होतं. रात्री हाताला बांधायचं, सकाळी काढायचं. त्यातला हिरवा दिवा लुकलुकताना पाहून अच्युत दोन पावलं मागे सरकला होता. शैलजानंच ते पर्समध्ये टाकलं आणि आठ दिवसांनी वेळेवर परत आणून दिलं.

“डॉक्टरसाब, सीधी बात सांगते. अच्युत दहाला पडतो तो सहाला उठतो. मधे कूससुद्धा बदलत नाही.”

“तुम्ही काय रात्रभर बघत बसता?”

“मग कोण बघणार? मोठा भाऊ पुण्याहून?”

डॉक्टर किंचित हसले. त्या हसण्यानं तिचं डोकं आणखीच तापलं.

“आणि तुमची ती दिमागची टेस्ट? पंधरा शब्द सांगितले, त्यानं अर्ध्या तासानं तेरा परत सांगितले. तुमच्या मॅनेजरला सांगायला लावा बरं तेरा!”

“एखादा दिवस चांगला जातो. या आजारात झोप गेली की लक्ष, स्मरणशक्ती, सगळंच ढासळतं. मशीन कशाला खोटं बोलेल?”

“म्हणजे माणूस खोटा!”

“जरा हळू बोला.”

“का हळू बोलू? चोरी केलीय का त्यानं?”

बाहेर बाकावर बसवलेला अच्युत आत आला आणि त्यानं तिची ओढणी ओढली. “ताई, चल ना यार. साडेतीनला ट्रक येतोय. दोनशे चाळीस डबे आहेत. मी नसलो की छोटे-मोठे सगळे मिक्स करून ठेवतात ते लोक.”

आज त्याला ट्रकजवळ कुणी उभं करणार नव्हतं, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन उघडलं आणि ‘कामासाठी’ एवढं लिहिलं.

शैलजानं कागदावर हात ठेवला. “अयोग्य लिहू नका.”

“लिहावंच लागेल, ताई. गोदामात फोर्कलिफ्ट चालते, माणसं वावरतात. एवढ्याशा झोपेवर कुणाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. अशा माणसाच्या भरवशावर कुणाचा जीव सोडायचा का? तुम्हीच सांगा.”

“सोडलाय ना सगळ्यांनी! अच्युतचा, माझ्या भरवशावर. आजाराला अकरा साल झाले,” शैलजा म्हणाली. “ते घड्याळ आठही रात्री माझ्या हाताला होतं.”