तांबडा गाळ

"तुमच्या गोळ्या खडूच्या व्हत्या, बाई! खडूच्या!" काशीराम पडवीतूनच ओरडला.

बाळाचं वजन करायला आलेली नर्स विमलाबाई अंगणातच थबकली. आत बाळ रडत होतं. त्याची आई राही, काशीरामची सून, बाळंतपणातच गेली होती. अंगात रक्तच नव्हतं, असं तालुक्याचा डॉक्टर म्हणाला. रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या असत्या तर वाचली असती, असंही म्हणाला. ते वाक्य काशीरामच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं होतं. गोळ्या तर तिला मिळत होत्या. विमलाबाईच महिन्याच्या महिन्याला आणून द्यायची. मग दोष कुणाचा? त्याने वर तक्रार करायचं ठरवलं होतं. बाईची नोकरी गेली तर जाऊ दे, त्याची सून गेली होती.

"दादा, मी तिच्या हातात दिल्या हो," विमलाबाई म्हणाली. "कसल्या म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, तुझ्या अंगात लोखंड कमी आहे, ते भरून काढायच्या. तर बघतच राहिली माझ्याकडे. मग पुडी पदराला घट्ट बांधली. इतकं जपून नेणारी पोर, ती काय गोळ्या टाकून देईल?"

रागावलेल्या माणसाला दुसऱ्याचं धड ऐकू येत नाही. काशीरामलाही आलं नाही. त्यात गोदूबाईने, त्याच्या बायकोने, आतून हाक मारली, "अवो, पानी बगा आदी! पोराच्या दुधात ह्या पानी कसा घालू?"

तिने चहा अंगणात ओतून दिला. शाईसारखा काळा. म्हणजे पाणी गाळायच्या टाकीतून पुन्हा लोखंडाचं पाणी येत होतं. येणारच. राही गेल्यापासून टाकीतली वाळू कुणी धुतलीच नव्हती.

विहीर तांबड्या जांभ्या दगडातली. पाणी शेंदलं की नितळ, आणि घटकाभर ठेवलं की तांबडं. भात पिवळा, धोतर तांबूस. पिढ्यान् पिढ्या तेच पाणी पीत आल्या, काशीरामचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. पण जवळच्या लोटे गावात नवे कारखाने आले, तो एका कारखान्यात बॉयलरवर लागला, आणि तिथे त्याने कापून काढलेली एक नळी पाहिली. आतून तांबड्या खपल्यांनी इतकी गच्च की करंगळी जाईना. त्या नळीचा तुकडा त्याने घरी आणून पडवीत खुंटीला टांगला. येईल त्याला तो दाखवायचा.

"नळीचा ह्या झाला, तर मानसाच्या आतड्याचा काय व्हईल?"

लोक हसायचे. गोदूबाई तर म्हणायची, "माज्या सासूची आतडी मसनात जळली. गंज काय दिसला नाय."

त्याने मनावर घेतलं आणि घरामागच्या परड्यात टाकी बांधली. वर भोकं पाडलेला डबा, त्यातून पाणी धारांनी पडायचं. खाली वाळू, करवंट्यांचा कोळसा, खडी. तोटीतून येणारं पाणी काचेसारखं. वाळूवर साचणारा तांबडा गाळ टाकायला त्याने कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे खड्डा खणला आणि फर्मान काढलं, "घरातला समदा लोखंड त्या खड्ड्यात. पोटात कनभर जाता नये!"

गोदूबाई मुद्दाम विहिरीचंच पाणी प्यायची. मुलगा शिवा मुंबईहून आला की तोही तेच करायचा. "या घरात माजा कोन ऐकत नाय," हे काशीरामचं रोजचं पालुपद. राही मात्र मुकाट्याने वाळू धुवायची, गाळ घमेल्यात भरायची आणि खड्ड्यात ओतून यायची. दिवस गेले तेव्हा ती एकदा पोटावर हात ठेवून त्या नळीपाशी बराच वेळ उभी होती. त्याला पोरीचं कौतुकच वाटलं होतं.

आता ते काम त्याच्याच वाट्याला आलं. वाळूवरचा गाळ खरवडून त्याने घमेलं भरलं आणि गडग्यापलीकडे नेलं. खड्डा काठोकाठ भरलेला. खाली जागा करावी म्हणून त्याने फावडं घातलं. चिखलाबरोबर प्लास्टिकची एक पुडी वर आली. तिच्याखाली दुसरी. मग आणखी.

त्याने एक पुडी धोतराला पुसली. आत लालचुटूक गोळ्या होत्या. तोंडाला दवाखान्यातला रबर होता तसाच, एकदाही न सोडलेला.

काशीराम तिथेच खड्ड्याच्या काठावर बसला. आत्ता कुठे मघाचं बोलणं त्याच्या कानात शिरलं. लोखंड. बाईने तिला लोखंड सांगितलं होतं.

त्याला बसलेलं पाहून विमलाबाई धावत आली. त्याने पुडी तिच्यापुढे धरली.

"बाई," तो म्हणाला, "गोळ्या खऱ्या व्हत्या."

घरात बाळाचं रडणं थांबत नव्हतं. या घरात आपलं कुणी ऐकत नाही, असं काशीराम उठता-बसता म्हणायचा. एकीने ऐकलं होतं.