पहिलं मत सिंगापूरहून

सुयशच्या वडिलांचा व्हेंटिलेटर काढला. काढलेला नाही, असं समजून पुढचं वाचा.

'ठेवायचा की काढायचा? सकाळी सगळ्यांनी मत द्या,' असं दादाने भावंडांच्या ग्रुपवर टाकलं होतं. सिंगापूर पुण्याच्या अडीच तास पुढे, म्हणून सुयशचं मत पहिलं आलं: 'काढा.' मग पुण्यात एकेक जण उठला आणि खाली 'ओके' लिहीत गेला.

"मी 'ठेवा' लिहिणार होते रे," विभाताई फोनवर म्हणाली. "पण म्हटलं, तू एवढा शिकलेला. विचार करूनच लिहिलं असणार."

"ताई, मी इथे क्लेमेंटीच्या स्टॉपवर बसच्या रांगेत होतो."

सुयशच्या संशोधनाचा विषय: अमेरिकेत आधी मतदान करणारी दोन छोटी राज्यं अख्ख्या देशासाठी अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवतात, हा अन्याय.

संध्याकाळी त्याने तिथल्या सरकारला अर्ज केला: 'सिंगापूरचे घड्याळ कालच्या तारखेपासून अडीच तास मागे घेण्यात यावे, ही नम्र विनंती.'