आधी वाटीत

सासूबाईंनी एकेचाळिसावं अंडं वाटीत फोडलं, वाटी नाकाशी नेली, "हं" म्हणाल्या आणि अंडं पातेल्यात सोडलं.

समोर पावाचे तुकडे करत बसलेल्या सुनेची सुरी जागच्या जागी थांबली. उग्र भपकारा आला. सडकं अंडं, पार नासलेलं! आणि सासूबाई? त्या बेचाळिसाव्याला हात घालत होत्या.

धाकट्या दिराच्या लग्नासाठी पहाटे साडेपाचला बावीस माणसं दोन गाड्यांतून निघायची होती. न्याहारीचा बेत या घरात नेहमीचाच. तळाशी पाव, वर फेटलेली अंडी, परतलेला कांदा, बटाटा. रात्रभर फ्रिजमध्ये मुरवायचं आणि पहाटे उठून नुसतं ओव्हनमध्ये सरकवायचं. पण अंडं थेट पातेल्यात फोडायचं नाही. आधी वाटीत, मग हुंगायचं, मग पातेल्यात. नवी असताना सुनेने एकदाच हा नियम मोडला होता. तेव्हा सासूबाईंनी भर पाहुण्यांत तिची बिनपाण्याने केली होती.

त्याच सासूबाई! मागच्या आठवड्यात गॅसवरचं दूध करपून काळं झालं. घरभर वास, आणि या शेजारीच शेंगा सोलत बसलेल्या. "डुलकी लागली," म्हणाल्या. त्यावर थोरल्या लेकीने सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "आई, आता आणखी एकदा असं काही झालं ना, तर तुझं स्वयंपाकघर बंद. बाई ठेवू. तू बाहेर बसून टीव्ही बघ." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नव्हत्या.

डुलकी कसली आलीय! सुनेला आत्ता सगळं लख्ख कळलं, आणि पाठोपाठ गॅस गळला तर काय, या विचाराने तिला घामच फुटला.

"कसला गं हा घाण वास?" बाहेरून थोरलीचा आवाज आला.

सासूबाईंनी हातातल्या वाटीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढी खमकी बाई, पण आज लहान मुलीसारखी घाबरली होती. सुनेला ते बघवेना. ती उठली, वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पातेलं स्वतःकडे ओढलं.

"ताई, माझंच चुकलं," थोरली दारात येताच ती म्हणाली. "उशीर होतोय म्हणून मीही अंडी फोडायला बसले. वाटीत न घेता थेट टाकली. एक नासकं निघालं."

"म्हणजे अख्खं पातेलं गेलं?"

"गेलं."

"धन्य आहे बाई तुझी! सतरा वर्षं झाली या घरात येऊन. आई घसा फोडून सांगते, पण ऐकेल कोण!" थोरलीने नाकाला रुमाल लावला आणि एकदम आईकडे वळली. "आणि तू गं? तू इथेच होतीस ना? तुला नाही आला वास?"

सासूबाईंनी पुन्हा सुनेकडे पाहिलं.

"आला ना!" सून घाईघाईने म्हणाली. "त्यांनीच तर माझा हात धरला. नाहीतर पुढचीही टाकली असती मी."

थोरली आईकडे बघतच राहिली.

"आला," सासूबाई म्हणाल्या. आवाज जेमतेम ऐकू आला.

थोरलीने तिथूनच भावाला हाक मारली. "अरे, पळ आधी! दुकान बंद व्हायच्या आत चार डझन अंडी घेऊन ये. तुझ्या बायकोने दिवे लावलेत!"

सुनेने पातेलं रिकामं केलं, कढत पाण्याने दोनदा घासलं. घासता घासता, मागे न बघता म्हणाली, "आई, उद्यापासून गॅस मी पेटवणार आणि मीच बंद करणार."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. सतरा वर्षांत सुनेने काही सांगावं आणि त्यांनी नुसतं बरं म्हणावं, असं कधी झालं नव्हतं.

अंडी आली. थोरली स्टूल ओढून राखणीलाच बसली. सासूबाईंनी पहिलं अंडं वाटीत फोडलं. वाटी नाकाकडे निघाली आणि अर्ध्यावरच थांबली. मग सासूबाईंनी ती वाटी टेबलावरून सरळ सुनेपुढे धरली.

"घे, हुंग! आज प्रत्येक अंडं तूच हुंगायचं. त्याशिवाय तुला अक्कल यायची नाही." आवाजाला जुनी धार होती.

सुनेने हुंगलं. "चांगलंय, आई."

"अस्सं!" थोरली खूश झाली. डझनभर अंडी होईपर्यंत मजेने बघत राहिली, मग कंटाळून बॅगा भरायला निघून गेली.

आता दोघीच उरल्या. सासूबाई वाटी पुढे करायच्या, सून "चांगलंय" म्हणायची, अंडं पातेल्यात जायचं. दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या. शेवटचं अठ्ठेचाळिसावं अंडं.

"चांगलंय, आई."

सासूबाईंनी ते पातेल्यात सोडलं नाही. दाराकडे एकदा बघून घेतलं.

"कसा असतो गं?" त्यांनी हळूच विचारलं. "चांगल्या अंड्याचा वास. विसरले मी."

सुनेने पुन्हा हुंगलं. डोळे मिटून, नीट.

"काहीच नसतो, आई."

सासूबाईंनी वाटी स्वतःच्या नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"हो की," त्या म्हणाल्या. "हा मला येतो."