गाडीचा जीव

सारंगचा पाना पुन्हा घसरला, बोटं सोलवटली. बॅटरीच्या टोकावर हिरवट-पांढरा थर दगडासारखा बसलेला; वायरीचा क्लॅम्प जागचा हलेना. तासाभरात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि गाडी बंद.

"मस्कतहून रोज सांगत होतो, बॅटरी सांभाळ," तो पायरीवरच्या आईवर डाफरला. "काय केलंस तिचं?"

त्याने सोड्याचं गरम पाणी ओतलं. थर फसफसत सुटला, क्लॅम्प निघाला. खाली हळदकुंकवाचा चिखल होता.

"शेजाऱ्यांनी शुक्रवारी गाडी सुरू केली की मी पूजा करायचे," आई म्हणाली. "नारळाचं पाणी घालायचे."

"बॅटरीवर?"

"गाडीचा जीव बॅटरीत असतो, तूच म्हणालास. मग काय टायर पुजू?"

दातओठ खात त्याने क्लॅम्प पुसून बसवला, किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

"बघ," आई आत बसत म्हणाली, "पावली की नाही?"