नाव येईपर्यंत

पाचच्या बातम्यांत अखेर नाव आलं. ते रीसचं नव्हतं.

टेगनने टीव्ही बंद केला. अर्धा सोललेला बटाटा तिच्या हातातच राहिला. खिडकीतून तिला नवरा, रीस, दिसत होता. मागच्या अंगणात तो दोरीवरचे कपडे काढत होता. चार वर्षांच्या लेकीचे, एल्सीचे, मोजे जोडी जोडीने खांद्यावर टाकत होता. त्याला फोनवर आधीच कळलं असावं. त्याने घराकडे वळून पाहिलं नाही.

सहा आठवड्यांपूर्वी ॲडलेडच्या पेपरात चार ओळी आल्या होत्या. फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, माजी खेळाडू, आता टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा, एका मुलीचा बाप. लहान मुलीशी वाईट वागल्याचा आरोप. कोर्टाच्या हुकुमामुळे नाव छापता येत नाही. अख्ख्या शहरात या वर्णनात बसणारे तिघेच होते. लोकांनी दोन दिवसांत त्यातला एक निवडला.

रीसला नाकारताही येईना. "मी नाही म्हटलं की उरतात दोघं. वकील म्हणतो, तेही नाव फोडल्यासारखंच," असं तो चॅनेलच्या साहेबांना फोनवर सांगताना तिने ऐकलं होतं. चॅनेलने त्याला रजेवर पाठवलं. बालवाडीच्या सॉसेज-विक्रीत दरवर्षी शेगडीपाशी तोच असायचा. यंदा एका बापाने त्याच्या हातातला चिमटा अलगद काढून घेतला.

"तू आराम कर, मित्रा. पोरं बुजतात टीव्हीवाल्यांना."

सगळे हसले. रीसही हसला.

घरात त्याने विषय काढला नाही. तिनेही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि मग त्या 'नाही'चं काय करायचं ते तिला ठरवावं लागलं असतं. एल्सीची आंघोळ म्हणजे जन्मापासून रीसचं काम. बदकाच्या आवाजातल्या गप्पा, फरशीभर पाणी. पेपर आला त्या संध्याकाळी तिने त्याच्या हातातला टॉवेल घेतला.

"तुझा खांदा दुखतोय ना. राहू दे, मी घालते."

खांद्याची दुखापत खरी होती, पण जुनी. खेळ सोडला तेव्हाची. तो "बरं" म्हणाला. तेव्हापासून रोज सहाला ती आत जाऊन कडी लावायची. रोज तो बाहेर जमिनीवर बसून बंद दाराआडून बदकाचा आवाज काढायचा, आणि एल्सी पाण्यात खिदळायची. टेगन मुलीच्या केसांतला साबण धूत राहायची. त्याला काही कळलेलं नाही, एवढाच तिला आधार होता.

बातम्यांनंतर टेगन बटाट्याची सालं टाकायला अंगणात आली. "टेगन, अगं ए टेगन," कुंपणावरून शेजारची नोलीन डोकावली. हातात लॅमिंग्टनचं, खोबऱ्यात घोळवलेल्या चॉकलेट-केकच्या वड्यांचं, ताट. गेले सहा आठवडे तिने इकडे मान वळवली नव्हती. "मी तर पहिल्यापासून म्हणत होते, आपला रीस नाही गं तसला. तो दुसरा मात्र... त्याचे डोळेच बघ एकदा. मला कायमच खटकायचे."

त्या दुसऱ्याचा खटला अजून उभाही राहिला नव्हता. त्याच्याही घरात एक मुलगी होती. टेगनने ताट घेतलं. दोन्ही हातांनी धरलं तरी ते जड वाटलं.

सहा वाजले. तिने टब भरला, कोपर बुडवून पाणी पाहिलं. एल्सीला आत बसवलं. मग सवयीने तिचा हात कडीकडे गेला.

रीस दारात उभा होता, उंबऱ्याच्या बाहेर. हातात टॉवेल होता, व्यवस्थित घडी केलेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"माझा खांदा बरा झालाय, टेग," तो म्हणाला. "आज मी घालू का तिला आंघोळ?"