डबल बेल

केवळरामनं बत्तीस वर्षं देवरीहून गोंदियाला एसटी नेली आणि कोहमाऱ्याच्या फाट्यावरचा चहा एकदाही चुकवला नाही. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती. आज पहाटे गोंदियाच्या दवाखान्यातून मुलीचा फोन आला, “बाबा, आई तुमालेच विचारून राहिली. पहिल्याच गाडीनं या, आता टाइम नाही.” त्यानं पेज शिजवली, डबा भरला, पहिली गाडी धरली. कोहमाऱ्याला गाडी थांबली, तसा तो डबा सीटवर ठेवून उतरला आणि टपरीवर चहा घेऊ लागला. दोन घोट झाले तोच डबल बेल वाजली. “काकाजी, तुमची गाडी जाऊन राहिली न!” टपरीवाला ओरडला. “माह्याशिवाय कशी जाईल?” म्हणत त्यानं चहावर निवांत फुंकर मारली. डबा घेऊन गाडी गोंदियाच्या रस्त्याला लागली. केवळराम जागेवरच उभा होता. उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता.